जुन्या गाडीचे बंद पडलेले फॉग लाइट आणि बल्बवाला टेस्ट लॅम्प : वापरानंतरचा अभिप्राय

मुठीत मावणारी पारदर्शक दांडी, तिच्या एका टोकाला अणकुचीदार सळई, दुसऱ्या टोकातून निघालेली वायर आणि वायरीच्या शेवटी एक चिमटा, एवढाच या वस्तूचा पसारा आहे. दांडीच्या पोटात 12 व्होल्टचा छोटा बल्ब असतो. चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सळई एखाद्या वायरीला टेकवली आणि बल्ब पेटला, तर तिथपर्यंत करंट येतो आहे असे समजायचे. गाडीच्या इलेक्ट्रिशियनच्या हातात हा टेस्ट लॅम्प बहुतेकांनी पाहिलेला असतो, परंतु तो स्वतःजवळ ठेवण्याची वस्तू आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. माझ्या वीस वर्षे जुन्या गाडीचे पुढचे दोन्ही फॉग लाइट, म्हणजे धुक्यात रस्ता दाखवणारे खालचे दिवे, बंद पडले तेव्हा मी तो घेतला. त्या कामात त्याने काय दिले आणि कुठे हात टेकले, हे जमेल तितक्या नेमकेपणाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

टेस्ट लॅम्प घेण्याआधी मी एक चूक केली होती. दोन्ही दिवे लागत नाहीत म्हटल्यावर मी नवे बल्ब आणले, बंपरखाली आडवे पडून ते बसवले आणि स्विच दाबला. दिवे बंदच राहिले. काढलेले बल्ब नंतर थेट बॅटरीवर लावून पाहिले तर दोन्ही लख्ख पेटले. थोडा विचार केला असता तर हे आधीच लक्षात यायला हवे होते. दोन्ही बल्बची तार एकाच दिवशी तुटणे अशक्य नसले तरी विरळ असते. एक दिवा बंद असेल तर संशय त्या दिव्याच्या बल्बवर, कपलरवर (दिव्याला वायरी जोडणाऱ्या प्लगवर) किंवा त्याच्या अर्थवर, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडावर, घ्यावा. दोन्ही एकदम गेले असतील तर फ्यूज, रिले, स्विच किंवा दोघांची सामाईक अर्थ अशा मागच्या जागी पाहावे. जुन्या गाडीत मात्र दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी मुक्काम करून असू शकतात आणि पहिला दुसऱ्याला झाकून ठेवतो. माझ्या गाडीत नेमके तेच झाले होते.

सळई कुठेही टेकवण्यापूर्वी दिवा लागण्याच्या अटी पूर्ण आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. बहुतेक गाड्यांत पुढचे फॉग लाइट पार्किंग लाइट चालू असल्याशिवाय लागत नाहीत, आणि काही गाड्यांत हाय बीम दिला की ते आपोआप बंद होतात. मागचा लाल फॉग लाइट तर हेडलाइट किंवा पुढचे फॉग लाइट चालू असतील तेव्हाच लागतो. याचा अर्थ असा की पार्किंग लाइटचा फ्यूज उडाला असेल तरी फॉग लाइट बंद दिसतील, आणि माणूस भलत्याच वायरी उकलत बसेल. माझ्या गाडीचे पार्किंग लाइट व्यवस्थित लागत होते, त्यामुळे मी फ्यूज बॉक्सकडे वळलो.

फ्यूज तपासण्यात या साधनाचा पहिला फायदा दिसला. पात्यांच्या फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्यूज जागेवरून न काढता त्या ठिपक्यांवर सळई टेकवता येते. दोन्ही ठिपक्यांवर बल्ब पेटला तर फ्यूज शाबूत आहे, एकावरच पेटला तर तो उडालेला आहे, आणि एकावरही पेटला नाही तर मुळात तिथे पुरवठाच नाही. काही फ्यूजना किल्ली किंवा स्विच चालू केल्यावरच पुरवठा मिळतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. फ्यूज काढून उजेडाकडे धरून पाहण्यापेक्षा ही पद्धत अधिक खात्रीची आहे, कारण केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. माझा फ्यूज दोन्ही ठिपक्यांवर पेटला. पण त्याचा रंग खटकला. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर फॉग लाइटसाठी 15 अँपिअरचा फ्यूज लिहिलेला होता, तो निळा असतो. तिथे बसवलेला फ्यूज पिवळा, म्हणजे 20 अँपिअरचा होता. कोणीतरी पूर्वी मुद्दाम मोठा फ्यूज घातला होता. याचे कारण पुढे उलगडले.

त्यानंतर रिले. जुन्या गाडीत फॉग लाइटचा पूर्ण करंट स्विचमधून जात नाही. स्विच फक्त रिलेच्या गुंडाळीला चालना देतो आणि रिले दिव्यांचा मोठा करंट जोडतो. रिलेच्या पायांवर बहुधा 30, 85, 86 आणि 87 हे आकडे असतात. 85 आणि 86 हे गुंडाळीचे पाय, 30 वर फ्यूजमधून येणारा पुरवठा, आणि 87 वरून दिव्यांकडे जाणारी वायर. मी रिलेवर बोट ठेवून स्विच दाबायला सांगितला, तेव्हा आतून स्पष्ट ‘टक्’ असा ठोका जाणवला. याचा अर्थ गुंडाळीपर्यंत करंट पोचत होता आणि स्विचचा दोष नव्हता. ठोका आला म्हणजे रिले चांगला, असे अनेक जण गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. ठोका केवळ गुंडाळीची साक्ष देतो, आतले कॉन्टॅक्ट करंट पुढे देतात की नाही याची नाही.

रिले सॉकेटातून अर्धवट वर उचलला की त्याचे पाय किंचित उघडे पडतात आणि जोडही सुटत नाही. 30 ला सळई टेकवली, बल्ब पूर्ण तेजाने पेटला. स्विच चालू ठेवून 87 ला टेकवली, बल्बमध्ये काडीचाही प्रकाश नव्हता. दोन पायांत जेमतेम बोटाचे अंतर, आणि बिघाड त्या अंतरात होता. खात्रीसाठी रिले पूर्ण काढून सॉकेटातील 30 आणि 87 या जागा मी जाड वायरीच्या तुकड्याने जोडल्या. पुरवठा फ्यूजमधूनच येत असल्यामुळे हा तात्पुरता जोड धोक्याचा नव्हता. डावा फॉग लाइट तत्क्षणी पेटला. उजवा मात्र तसाच काळोखात राहिला.

जुन्या रिलेचे आवरण मी काढून पाहिले. कॉन्टॅक्टची टोके काळी पडली होती आणि त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. मग काढलेले जुने बल्ब पुन्हा हातात घेतले, तर त्यांच्या बुडाशी 100 वॅट असे कोरलेले दिसले. गाडीला मुळात 55 वॅटचे बल्ब होते. 55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 4.6 अँपिअर करंट घेतो, म्हणजे जोडीला सुमारे 9.2 अँपिअर, 100 वॅटची जोडी हाच करंट 16.7 अँपिअरपर्यंत नेते, आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या आसपास गेले की त्याहूनही वर. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी मोठे बल्ब घातले, फ्यूज उडू लागला म्हणून मोठा फ्यूज घातला, आणि मग त्या भाराची किंमत रिलेने मोजली. कपलरचे पांढरे प्लॅस्टिकही कडेला करपून तपकिरी झाले होते. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो वाढवणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे होय. मी 15 अँपिअरचा फ्यूज आणि नवा रिले बसवला. डावा दिवा स्विचवर लागू लागला.

आता उजवा. टेस्ट लॅम्पची खरी कसोटी इथे लागली, आणि मला जे सांगायचे आहे त्यातील महत्त्वाचा भाग हाच आहे.

उजव्या दिव्याचा कपलर सोडवला, चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावला आणि सळई कपलरमधील पुरवठ्याच्या पट्टीला टेकवली. बल्ब पूर्ण तेजाने पेटला. म्हणजे पुरवठा येत होता. मग चिमटा बॅटरीवरून काढून कपलरमधील अर्थच्या पट्टीला लावला, म्हणजे टेस्ट लॅम्पला फॉग लाइटच्या जागी उभे केले. बल्ब याही वेळी पेटला; थोडा मंद वाटला, पण पेटला. पुरवठा आहे, अर्थ आहे, बल्ब नवा आहे आणि तरीही दिवा लागत नाही. कपलर पुन्हा बसवून पाहिला, काही फरक नाही. या ठिकाणी माझा बराच वेळ गेला.

उत्तर भारात होते. टेस्ट लॅम्पमधला बल्ब जेमतेम पाव अँपिअर करंट घेतो, फॉग लाइट त्याच्या अठरा-वीसपट. अर्थच्या जोडात गंज चढून समजा 10 ओहमचा अडथळा निर्माण झाला असेल, तर पाव अँपिअरच्या बल्बला त्याची फारशी झळ लागत नाही, कारण त्याचा स्वतःचा रोधच 50 ओहमच्या आसपास असतो; तो थोडासा मंद होऊन पेटतो. 55 वॅटच्या पेटत्या बल्बचा रोध मात्र अडीच ओहमहून थोडाच जास्त असतो आणि थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. अशा बल्बसमोर 10 ओहमचा अडथळा आला की जवळजवळ सगळे व्होल्टेज त्या गंजातच खर्ची पडते आणि तार गरमसुद्धा होत नाही. अरुंद बोळातून एक माणूस सहज जातो, वरात जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

हे लक्षात आल्यावर मी इंडिकेटरचा 21 वॅटचा एक बल्ब सॉकेटसह घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि तीच तपासणी पुन्हा केली. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडल्यावर तो झगझगीत पेटला. कपलरच्या अर्थशी जोडल्यावर त्याची तार जेमतेम तांबूस दिसली. दोष पकडला गेला. त्यानंतर कपलर दिव्याला जोडून, स्विच चालू ठेवून, मल्टिमीटरचे (व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरचे) एक टोक दिव्याच्या अर्थच्या वायरीला कपलरच्या मागच्या बाजूने लावले आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. चांगल्या अर्थवर इथे 0.1 ते 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मला 11.8 व्होल्ट दिसले, आणि इंजिन बंद असल्याने बॅटरी त्या वेळी 12.4 व्होल्टवर होती.

उजव्या दिव्याची अर्थ बंपरच्या मागे, चाकाच्या बाजूने चिखल उडतो तिथे, एका बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट सुटायला कुरकुरला. खाली असलेल्या गोल पट्टीवर गंजाचा भुरा आणि तांब्याचा हिरवट थर एकमेकांत मिसळून बसले होते, आणि बॉडीवरचा रंग फुगून पोपडे सुटले होते. पॉलिशपेपरने पट्टी आणि बॉडीची जागा दोन्ही उघडा धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. जेली जोड आवळून झाल्यावर लावावी, म्हणजे धातूला धातू नीट भिडलेला राहतो आणि पाणी बाहेर अडते. मल्टिमीटरवरचा आकडा 11.8 वरून 0.1 च्या खाली आला, आणि उजवा दिवा डाव्याच्या बरोबरीने लागला.

म्हणून टेस्ट लॅम्पविषयी माझे मत असे बनले आहे. फ्यूज, रिलेचे पाय, स्विचची वायर, कपलरमधील पुरवठा अशा सर्व ठिकाणी ‘करंट आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर तो मल्टिमीटरपेक्षा लवकर आणि अधिक प्रामाणिकपणे देतो. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना वायरीतून जवळपास काहीच करंट घेत नाही. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असतो. त्यामुळे सगळे पेड तुटून एकच तंतू शिल्लक राहिलेल्या वायरीवरही तो खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प निदान थोडा तरी भार टाकून पाहतो. रिलेच्या गुंडाळीच्या वायरी तपासण्यासाठी तर तो अगदी योग्य आहे, कारण गुंडाळी स्वतः पाव अँपिअरहून कमीच करंट घेते. टेस्ट लॅम्प पेटला तर गुंडाळीलाही पुरेल. परंतु दिव्याच्या अर्थविषयी, आणि एकूणच जास्त करंटच्या वायरीविषयी, त्याचा निकाल अंतिम मानू नये. तिथे 21 वॅटचा बल्ब वापरावा, किंवा दिवा जोडलेला आणि चालू असताना मल्टिमीटरने व्होल्टेजची घट मोजावी. कपलर सोडवून मोजलेला आकडा उपयोगाचा नाही.

ही घट मोजण्याची सवय दिवा बंद नसतानाही लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. हॅलोजन बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. आपले फॉग लाइट लागतात पण मिणमिणतात, अशी तक्रार असलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांत बल्बचा दोष नसून वायर आणि अर्थ यांचा असतो, आणि लोक त्यावर मोठ्या वॅटचा बल्ब हा उपाय करतात, ज्याने घट आणखी वाढते. धुक्यात वरचा हाय बीम पांढऱ्या भिंतीसारखा अंगावर परत येतो. खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापल्यासारखा फॉग लाइटचा झोतच रस्त्याची कड दाखवतो. त्याची ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी दुसरे काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतक्या बारकाईने लिहीत आहे.

एलईडीचा टेस्टरही मी त्याच कामात वापरून पाहिला. धन बाजूला लाल आणि ऋण बाजूला हिरवा असा तो दोन्हीकडे पेटतो, त्यामुळे चिमटा बदलावा लागत नाही आणि उन्हातही स्पष्ट दिसतो. पण तो काही मिलिअँपिअरवरच पेटतो. गंजलेल्या अर्थवर त्याने मला निःसंकोच हिरवा दिवा दाखवला. इलेक्ट्रॉनिक युनिटच्या जवळ काम असेल तर तो कमी करंट घेत असल्याने बरा. फॉग लाइटच्या जुन्या, साध्या सर्किटसाठी मी बल्बवालाच घेईन.

बांधणीच्या बाबतीत माझ्या टेस्ट लॅम्पला पूर्ण गुण देता येत नाहीत. सळई चांगल्या पोलादाची आहे, वाकली नाही आणि तिच्यावर सोबत मिळालेली टोपी घट्ट बसते. दांडी तेलकट हातातून निसटत नाही. वायर मात्र इतकी आखूड आहे की चिमटा बॅटरीला लावून सळई बंपरखाली पोचवता येत नाही. मला मध्ये वायर वाढवावी लागली. चिमट्याची स्प्रिंग ढिली आहे आणि त्यावर रबरी आवरण नाही. ही उणीव गंभीर मानावी, कारण अर्थ तपासताना चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा लागतो, आणि तो निसटताना त्याच वेळी बॉडीला टेकला तर मध्ये कोणताही फ्यूज नसल्याने थेट शॉर्ट होतो. मी त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. दांडीतला बल्ब उन्हात नीट दिसत नाही, तळहाताची सावली धरावी लागते. तो बदलता येतो, ही मात्र चांगली सोय आहे.

वापरताना दोन पथ्ये पाळावीत. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना बल्बवाला टेस्ट लॅम्प कदापि लावू नये. सेन्सर आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या वायरींपासूनही तो दूर ठेवावा, कारण पाव अँपिअर करंट तिथे फार होतो. आणि सळई अणकुचीदार आहे म्हणून वायरीचे आवरण भोसकण्याचा मोह आवरावा. त्या बारीक छिद्रातून पाणी शिरते आणि आतले तांबे हळूहळू हिरवे पडून कुजते. आज शोधलेला बिघाड काही महिन्यांनी आपणच पेरलेला बिघाड होऊन परत येतो. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने सळई आत सरकवली तर काम होते. भोसकणे अपरिहार्यच झाले तर ती जागा लगेच टेपने घट्ट बंद करावी.

डिकीतल्या पेटीत आता टेस्ट लॅम्प, त्याच्याशेजारी कपड्यात गुंडाळलेला 21 वॅटचा बल्ब, पॉलिशपेपरची एक घडी आणि निळ्या फ्यूजची जोडी असते. रिले काढताना पिवळा फ्यूज मी टाकून दिला, जवळही ठेवला नाही.